वॉर्डातलं कुपोषण: ओळखायचं कसं, भरून काढायचं कसं

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो. पावसाळ्यातल्या बातम्या, अंगणवाडीतला वजनकाटा, हातापायाच्या काड्या झालेलं मूल. शहरातल्या बऱ्यापैकी रुग्णालयात, सर्जरीच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर बसलेले ५८ वर्षांचे काका मात्र कुणाला आठवत नाहीत. जबड्याच्या गाठीमुळे तीन महिने त्यांना धड चावता आलेलं नाही. केस पेपरवर गाठीचं माप मिलिमीटरमध्ये आहे. वजनाच्या जागी रेघ.

मी वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून फिरते. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर आणि छोट्या रुग्णालयांत डाएटिशियनशिवाय काम चालवणाऱ्यांसाठी आहे. नातेवाइकांनीही वाचावा. फक्त नळी, सलाईन आणि औषधांचे निर्णय डॉक्टरांवर सोपवावेत.

आधी काटा

रुग्ण दाखल झाल्यापासून २४ तासांत वजन झालंच पाहिजे. ‘वजन किती तुमचं?’ असं विचारून लिहिलेला आकडा म्हणजे वजन नव्हे. लोक लग्नाच्या वेळचं वजन सांगतात. काटा शून्यावर आहे का ते बघा, चपला आणि शाल काढायला सांगा, लघवीची पिशवी काट्यावर टेकत नाही ना याकडे लक्ष द्या. पुढच्या वेळी त्याच काट्यावर, शक्यतो सकाळी, नाश्त्याच्या आधी. मेडिसिनचा काटा आणि सर्जरीचा काटा यांत दीड किलोचा फरक मी स्वतः पाहिला आहे. त्या फरकावर एका आजींचं वजन ‘वाढलं’ म्हणून दोन दिवस सगळे खूश होते.

उंचीसाठी रुग्ण उभा राहू शकत नसेल तर हात मोजा. हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरायचा. गळ्याखालच्या खळगीपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप धरायची. पुरुषांसाठी ते माप गुणिले १.४० अधिक ५७.८, स्त्रियांसाठी गुणिले १.३५ अधिक ६०.१, की सेंटिमीटरमध्ये उंची मिळते. आपल्या काकांचं माप ७४.५ आलं, म्हणजे उंची १६२.

वजन घेणंच अशक्य असेल तर दंडाचा घेर घ्या: डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. मोठ्या माणसात तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २०च्या खाली असण्याची शक्यता बरीच.

मग वजन किती उतरलं ते काढा

आजचं वजन हे निम्मंच उत्तर. सहा महिन्यांपूर्वी किती होतं हे बहुतेकांना आठवत नाही, म्हणून प्रश्न बदला. पुरुषांना विचारा, करदोडा सैल झाला का, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का. बायकांना विचारा, ब्लाऊज आत घ्यावे लागले का, पाटल्या कुठवर सरकतात. एका मावशींनी उत्तर न देता नुसता हात वर केला, पाटली थेट कोपराशी आली. जुना ओपीडीचा कागद, रक्तदान शिबिराचं कार्ड, मधुमेहाची वही यांतही आकडे सापडतात.

काकांचं आधीचं वजन ५२, आजचं ४४. म्हणजे ८ किलो गेले. ८ भागिले ५२, १५ टक्क्यांच्या थोडं वर. बीएमआय १६.८.

गुण द्या

मोठ्या माणसांसाठी मी ‘मस्ट’ ही पद्धत वापरते. ब्रिटनमध्ये २००३ साली आलेली, तीन प्रश्नांची, दोन मिनिटांत होणारी.

- बीएमआय २०च्या वर असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, त्याखाली २.
- गेल्या ३ ते ६ महिन्यांत, न ठरवता वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी उतरलं तर ०, ५ ते १० टक्के १, त्याहून जास्त २.
- तीव्र आजार आहे आणि पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही गेलेलं नाही, किंवा जाण्याची शक्यता नाही, तर आणखी २.

बेरीज ० आली तर दर आठवड्याला पुन्हा तपासा. १ आली तर तीन दिवस खाण्याची नोंद ठेवा. २ किंवा जास्त आली तर आहारतज्ज्ञाकडे पाठवा आणि उपचार सुरू करा. काकांचे पहिल्या दोन प्रश्नांतच ४ झाले. काही रुग्णालयांत ‘एनआरएस-२००२’ वापरतात. त्यात आजाराच्या तीव्रतेचे गुण असतात आणि वय ७० किंवा जास्त असेल तर एक गुण वाढतो. ३ किंवा जास्त म्हणजे धोका. कोणतीही वापरा, पण एकच वापरा, आणि ती दाखल होतानाच्या कागदावर छापून घ्या. वेगळा फॉर्म केला की तो ड्रॉवरमध्येच राहतो.

गुण म्हणजे चाळणी, निदान नव्हे. निदानासाठी जगभरच्या पोषण संघटनांनी मिळून ‘ग्लिम’ निकष आणले. शरीरात दिसणारी एक गोष्ट आणि तिच्यामागचं एक कारण, दोन्ही हवीत. दिसणारी गोष्ट म्हणजे सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, कमी बीएमआय (आशियाई लोकांत सत्तरीच्या आत १८.५ खाली, सत्तरीनंतर २० खाली), किंवा घटलेले स्नायू. कारण म्हणजे आठवडाभराहून जास्त गरजेच्या निम्मं किंवा त्याहून कमी खाणं, अन्न अंगी न लागणं, किंवा आजारामुळे शरीरात पेटलेला दाह. निदान झालं की ते डायग्नोसिसच्या रकान्यात लिहा. तिथे नसलेल्या गोष्टीवर राउंडमध्ये चर्चा होत नाही.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाबद्दल एक सांगते, कारण रोज कुणीतरी तो रिपोर्ट पुढे करून ‘पोषण ठीक आहे’ किंवा ‘प्रोटीन कमी आहे’ म्हणतं. अल्ब्युमिन जंतुसंसर्गात, सूज असताना, यकृताच्या आजारात उतरतं. नुसत्या उपासमारीत ते बराच काळ नीट राहू शकतं. त्यावरून आजार किती गंभीर आहे ते कळतं, जेवण किती झालं ते नाही.

हात लावून बघा

कानशिलाचा खळगा, गळ्याच्या हाडांवरचं मांस, खांद्याचा गोलावा. अंगठा आणि तर्जनी जुळवायला सांगून त्यांच्यामधला उंचवटा बघा, सपाट झाला असेल तर स्नायू गेलेत. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा: पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्या. पावलं दाबून सूज पाहा. सूज किंवा जलोदर (पोटात साठलेलं पाणी) असेल तर काट्यावरचा आकडा पाण्याचा आहे, त्यावर विसंबू नका.

आणि जाड माणसाला सोडू नका. ९० किलोच्या बाईंचं दोन महिन्यांत १२ किलो वजन गेलं की वॉर्डात सगळे ‘बरं झालं’ म्हणतात. आजारपणातलं ते वजन चरबीबरोबर स्नायूंचंही जातं आणि शस्त्रक्रियेनंतर जखम भरत नाही.

ताट वाचायला शिका

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत खरी तपासणी ही.

संध्याकाळचे सव्वासहा. काकांच्या लॉकरवर स्टीलचं ताट. वरणावर साय धरलेली, दोन पोळ्या कडक होऊन कडा वळलेल्या, भात तसाच. उजव्या हाताला सलाईन, लॉकर उजवीकडेच. चार्टवर लिहिलेलं, ‘डाएट टेकन’. मी विचारलं, ‘काका, जेवलात का?’ ‘जेवलो की.’ काय खाल्लं? अर्धी पोळी, चहात बुडवून.

कुणी खोटं बोललं नव्हतं. ताट खाटेपर्यंत पोहोचलं, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. म्हणून ‘जेवण दिलं’ लिहायचं बंद करा. ताट परत जाताना त्याचे चार भाग मनात धरा आणि ०, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण यांपैकी एक लिहा. नाश्ता, दुपार, संध्याकाळ, मधल्या वेळचं. हे काम ताट उचलणाऱ्या मावशींना शिकवा. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, कोणत्या खाटेवर काय उरतं. सलग तीन दिवस निम्म्याहून कमी जात असेल तर कारण शोधलंच पाहिजे.

कारणं बहुतेकदा साधी असतात. कवळी घरी राहिली. चष्मा नाही, ताटातलं दिसत नाही. पाठ टेकवून बसवलं नाही, झोपून गिळता येत नाही. तोंडात पांढरी बुरशी. चार दिवस शौचाला झाली नाही. औषधाने मळमळतं. जेवणाच्या वेळेलाच राउंड, एक्स-रे, ड्रेसिंग. काही वेळा आजी खात नाहीत कारण आज चतुर्थी आहे, आणि ते कुणी विचारलेलंच नाही. अशा वेळी वाद घालू नका. साबुदाण्याऐवजी दूध, दही, राजगिरा, शेंगदाणे यांवर दिवस काढता येतो. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र तोंडाने देणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत वाट बघा.

किती द्यायचं

सर्वसाधारण रुग्णाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. काकांसाठी साधारण १३२० कॅलरी आणि ६६ ग्रॅम प्रथिनं. नीट झेपलं की कॅलरी पुढे वाढवायच्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं प्रमाण वेगळं, ते नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. यकृताच्या रुग्णाची प्रथिनं मात्र तोडू नका. ती जुनी सवय आहे, तिने स्नायू जातात. त्याला रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, रात्रभराचा उपास त्याला सोसत नाही. मधुमेही कुपोषित असेल तर ताट कमी करण्याऐवजी इन्सुलिन जुळवून घ्यायला सांगा.

नातेवाइकांचा एक गैरसमज इथेच मोडायला हवा. ‘सलाईन चालू आहे ना, मग ताकद येतेच आहे.’ ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरीसुद्धा जेमतेम. प्रथिनं शून्य. साध्या सलाईनच्या बाटलीत तर मीठ आणि पाणी. डाळीचं वरचं पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप हेही पोट भरतात, ताकद देत नाहीत. डाळ खाली राहते, तीच खायची असते.

थांबा: आधी हे तपासा

बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून आणि युद्धकैद्यांच्या तळांवरून सुटलेली माणसं जेवण मिळाल्यावर दगावली, तेव्हा हे जगाच्या ध्यानात आलं. उपासमारीत शरीरातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम संपत आलेलं असतं, पण रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. पिष्टमय अन्न किंवा ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं, हे क्षार पेशींत शिरतात आणि रक्तात एकदम कोसळतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. थायमिनही (जीवनसत्त्व बी-१) याच वेळी संपतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

पुढचं एक जरी असेल तर धोका मोठा: बीएमआय १६च्या खाली, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, १० दिवसांहून जास्त काळ जवळपास उपाशी, किंवा खायला देण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी. किंवा यांपैकी दोन: बीएमआय १८.५ खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपाशी, दारूचं व्यसन किंवा इन्सुलिन, केमोथेरपी, लघवीच्या गोळ्या अशी औषधं.

काका १५ टक्क्यांच्या निकषात बसतात. म्हणून क्रम असा. आधी रक्त पाठवा: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर. फॉस्फेट नेहमीच्या पॅनेलमध्ये बहुधा नसतं, वेगळं लिहावं लागतं. पहिल्या घासाआधी, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधीही, थायमिन. ब्रिटनच्या मार्गदर्शनात रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम पहिले दहा दिवस सांगितलं आहे. प्रत्यक्ष मात्रा डॉक्टर ठरवतील. मग किलोमागे १० कॅलरीने सुरुवात, म्हणजे काकांना पहिल्या दिवशी साधारण ४४० कॅलरी. ४ ते ७ दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत. अगदीच खंगलेल्या रुग्णात, बीएमआय १४ खाली असेल तर, ५ कॅलरीने आणि हृदयावर नजर ठेवून. क्षार कमी असतील तर ते भरत भरत अन्न सुरू ठेवता येतं. पहिले तीन दिवस रोज रक्त तपासा. नाडी वाढली, पायाला सूज आली, धाप लागली, गोंधळल्यासारखं वाटलं, तर ‘जेवण मानवलं नाही’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

पहिल्या दिवशी ४४० कॅलरी बघून नातेवाईक भांडतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना आधी सांगायला हवं असतं. ‘कोरड्या विहिरीत मोटार एकदम लावत नाही’ म्हटल्यावर काकांच्या मुलाला पटलं.

ताटातच वाढवा

डबाबंद पावडरींना माझा विरोध नाही, पण पहिला पर्याय स्वयंपाकघर. नियम असा की घास तेवढेच, पण प्रत्येक घासात जास्त. भातात तूप, मऊ खिचडीत मूगडाळ वाढवून, दुधात दूध पावडर, नाचणीच्या खिरीत शेंगदाण्याचं बारीक वाटण, सातूचं पीठ दुधात, पातळ भाजीऐवजी अंडं किंवा पनीर. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. चहा-बिस्किट जेवणाच्या आधी नको, नंतर.

काकांना चावता येत नव्हतं. सातव्या दिवशी त्यांना जाणारं अन्न, सगळं मिक्सरमधून काढून: गायीचं दूध अर्धा लिटर, दूध पावडर ४० ग्रॅम, दोन अंडी दुधात नीट शिजवून, ६० ग्रॅम मूगडाळ आणि ८० ग्रॅम तांदूळ यांची तूप घातलेली खिचडी, वाटीभर दही, थोडा गूळ. प्रथिनं ६६ ग्रॅमच्या आसपास, कॅलरी १३०० ते १४००. यातलं काहीही बाजारातून खास आणावं लागत नाही. अंडं चालत नसेल तर पनीर.

अनेक रुग्णालयांत संध्याकाळचं जेवण सहाच्या आत येतं आणि पुढचा नाश्ता सकाळी आठला. म्हणजे १४ तास उपास, आजारी माणसाला. रात्री नऊचं एक कप दूध आणि दोन राजगिरा लाडू ऑर्डर म्हणून लिहा. ऑर्डर नसेल तर किचन देत नाही.

एनबीएम

एनबीएम म्हणजे ‘निल बाय माउथ’, तोंडाने काहीही द्यायचं नाही. ‘रात्री बारापासून काही नाही’ हे वाक्य जितक्या सहज लिहिलं जातं तितकंच महाग पडतं. शस्त्रक्रियेआधी घट्ट अन्न ६ तास आणि पाणी, कोरा चहा यांसारखे पातळ पदार्थ २ तास बंद, एवढं बहुतेकांना पुरतं. जठर रिकामं व्हायला वेळ लागणारे रुग्ण वेगळे, त्यांचं भूलतज्ज्ञ ठरवतील. खरा घोटाळा पुढे होतो. यादीत चौथा नंबर, दुपारी तीनला केस रद्द, किचन बंद, उद्या पुन्हा एनबीएम. असे दोन दिवस गेलेला रुग्ण मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. उपाय कंटाळवाणा आहे: केस रद्द झाल्याचं ओटीतून कळताच त्याच मिनिटाला एनबीएमची पाटी काढायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा, आणि वॉर्डात दूध, केळी, अंडी असा राखीव साठा ठेवा.

काकांइतकं कुपोषण असेल तर शस्त्रक्रियाच ७ ते १४ दिवस पुढे ढकलून आधी पोषण द्यावं, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांचं मार्गदर्शन सांगतं, कर्करोगाची शस्त्रक्रिया असली तरी. हे सर्जनशी पहिल्या दिवशी बोला, आदल्या रात्री नाही.

नळी कधी

तोंडाने प्रयत्न करूनही बरेच दिवस गरजेच्या निम्मंही जात नसेल आणि आतडं काम करत असेल तर रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी. घरचे घाबरतात, ‘नळी म्हणजे शेवट’ असं त्यांना वाटतं. जखम भरेपर्यंतची ती वाट आहे, हे बसून सांगा.

नळी पोटातच आहे याची खात्री एक्स-रेने किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ किंवा कमी आहे हे पाहून करा. हवा सोडून पोटावर स्टेथो ठेवून आवाज ऐकायची जुनी रीत विश्वासाची नाही; नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. फीड देताना आणि नंतर तासभर डोकं ३० ते ४५ अंश वर. सिरिंज ढकलू नका, उंच धरून आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी. घरचं फीड बारीक गाळलेलं, ताजं. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं टाकून द्या. गोळ्या चुरून फीडमध्ये मिसळू नका, नळी तुंबते. चार आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पोटातून थेट नळीचा विचार होतो. आतडंच बंद असेल तेव्हाच शिरेतून पोषण, आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

लहान मुलांना हा लेख लावू नका. तिथे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरची वेगळी रेघ, एफ-७५ हे वेगळं दूध आणि पोषण पुनर्वसन केंद्राची वेगळी पद्धत आहे.

सुटी देताना

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीत आहारही लिहा, ‘पौष्टिक आहार घ्या’ असं नाही. ‘दूध २०० मिली दोनदा, अंडी २, खिचडीत तूप २ चमचे, रात्री नऊला लाडू’ असं. आणि सुटीच्या दिवसाचं वजन. क्षयरोगाचा रुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेची नोंद झाली का आणि बँक खातं जोडलं का, ते घरी जाण्याआधी बघा. नोव्हेंबर २०२४पासून ही मदत महिन्याला १००० रुपये झाली आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्या क्षयरुग्णांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं होतं. त्यामुळे टीबीच्या वॉर्डात काटा औषधाच्या ट्रॉलीइतकाच हाताशी हवा.

काकांची शस्त्रक्रिया बाराव्या दिवशी झाली. पुढच्या ओपीडीत त्यांना त्याच काट्यावर उभं केलं, ४६.५. मुलाने पिशवीतून वही काढली. ताटाचे पाव-अर्धा-पाऊण तो घरीही लिहीत होता, आणि एका पानावर मोठ्या अक्षरात प्रश्न होता: ‘खिचडीचा कंटाळा आलाय, थालीपीठ कुस्करून चालेल का?’

दुधात भिजवून, चालेल.